वाटीतला समुद्र

१० ऑगस्ट, रविवार

माशांच्या टाकीचं पाणी तपासलं. क्षार बरोबर, पीएच बरोबर, नायट्रेट नावाला. सहा दिवस चाकणला कंपनीत पार्ट मोजायचे आणि सातव्या दिवशी समुद्र! माझं नशीबच मोजमापाचं.

टाकीवरचा निळा दिवा लावला की दिघीतलं घर कुठल्या कुठे जातं. समुद्रफूल, नावाला फूल पण खरा प्राणीच, आपल्याच नादात डुलत असतं, मीही डुलते बहुतेक. वाटतं, हेच पाणी कुठेतरी लांब अजिंक्यच्या जहाजाला लागत असेल. आरओच्या पाण्यात पिशवीतलं मीठ मी स्वतः कालवते, तरी वाटतं.

हे फूल त्याने बोटाएवढं होतं तेव्हापासून वाढवलंय. जाताना एवढंच म्हणाला, "दिवाळीला येईन. जपशील ना?" मामंजींनी मात्र त्या दिवसापासून मुलाचं नाव टाकलंय. भोसरीतलं वर्कशॉप सोडून एकुलता एक मुलगा जहाजावर इंजिनिअर झाला, ते त्यांना अजून पचलेलं नाही. टाकीकडे पाठ करून पेपर वाचतात. काल छताकडे बघत म्हणाले, "त्यो यीस्तवर टिकतंय व्हय ते?"

टिकवणार. त्यांच्या नाकावर टिच्चून.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टाकीतली कोळंबी मेली. समुद्रफूल मिटून मुठीएवढं झालंय. मासे मजेत. सगळ्या चाचण्या दोनदा केल्या — सगळं बरोबर! मग असं का? फार भीती वाटतेय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अजिंक्यचा फोन लागला एकदाचा. आवाज तुटत होता. "तांबं बघ. माशांना एवढं बाधत नाही, कणा नसलेल्यांना विष." फोन स्पीकरवर होता. मामंजी उठून गॅलरीत गेले.

शिशीत टाकीचं पाणी घेऊन तांब्याच्या चाचणीचे थेंब टाकले, पाणी रंगलं. तांबं! काचेच्या टाकीत कुठून येणार? वाळू चाळली. दगडामागे सापडला — देवघरातल्या दोन जुन्या, तांब्याच्या ढब्बू पैशांपैकी एक.

सासूबाईंनी काही लपवलं नाही. "नारळी पुनवंला टाकला. पुलावरनं जाताना नदीला पैसा टाकतोच की आपण. ह्यो तर पोराचा समिंदर. नारळ मावंना, म्हून पैसा."

चिडणार होते, पण हसूच फुटलं. तांब्याचं सांगितलं तशा त्या टाकीजवळ आल्या. "म्या मारलं का गं त्याचं फूल?" मग दोघी रडलो.

निम्मं पाणी बदललं, उरलेलं तांबं शोषायला कार्बनची पिशवी सोडली. शेजारी स्टुलावर काचेच्या वाटीत थोडं खारं पाणी ठेवलं. म्हटलं, आई, तुमचा समुद्र हा. त्यांनी पैसा त्यात सोडला आणि हात जोडले.

२० ऑगस्ट, बुधवार

तांबं उतरतंय. फूल मिटलेलंच. वाटीतलं पाणी मात्र हिरवट निळं झालंय, उन्हात सुंदर दिसतं. आज त्याच्याकडे बघता बघता कंपनीची बस चुकली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सासूबाई आळंदीला बहिणीकडे गेल्या. घरात मी आणि मामंजी. जेवताना ताटाकडे बघत त्यांनी विचारलं, "उघडलं का?"

काय, ते म्हणाले नाहीत. मी म्हटलं, नाही अजून. अर्धी भाकरी ठेवून उठले.

२४ ऑगस्ट, रविवार

फूल उघडलं! सकाळी बघते तर पूर्ण, आधीसारखं. मी ओरडलेच. मामंजींनी पेपरातून मान वर केली नाही.

वाटीतलं पाणी बदलायला घेतलं. काल तळाशी एकच पैसा दिसत होता. सासूबाई अजून आळंदीलाच आहेत. वाटीत दोन पैसे.