आईचे तिखट कान

११ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी, छोटी, सगळे मजेत असाल. इथे सगळं ठीक आहे. हे वाक्य गेले कित्येक महिने मी फोनवर सवयीने म्हणत आले. आज तपासून लिहिते आहे.

पत्र कशाला, फोन कर की, म्हणशील. फोनवर आई समोर असते, आणि आईसमोर आवाज बारीक करून काही उपयोग नाही. कारण सांगते, पण क्रमाने. मधलं गाळलं तर तुला पटणार नाही.

मेंदूच्या डॉक्टरांकडची पहिली भेट मी तुला तीन शब्दांत सांगितली होती: आईला जमलं नाही. डॉक्टर खिडकीकडे पाठ करून बसले होते, तोंडावर मास्क. त्यांनी आज वार कोणता विचारलं, आई 'हो' म्हणाली. घरी कोण कोण असतं? 'हो.' पुढच्या प्रश्नाला तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. नळ वाहता राहणं, बेल वाजत असताना शांत बसून असणं, कशालाही मान डोलावणं, हे मीच त्यांना आधी सांगितलं होतं. ते म्हणाले, लक्षणं विसरण्याच्या आजाराची वाटतात, पण आधी डोळे आणि कान दाखवून या. मग नक्की काय ते ठरवू.

आपण 'नक्की'ची वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात आईने पुढे कुठे राहायचं यावर आपलं बोलणं झालं. त्याकडे नंतर येते.

डोळ्यांचे डॉक्टर तिच्या नाकासमोर नाक आणून, दिव्याच्या उजेडात बोलले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय म्हणाले. आई लगेच, "पिकलाय तर उतरवून घ्या. झाडावर ठेवून काय करायचंय?" तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही. मी पुढच्या खिडकीवरचा रांगेचा नंबर बघत होते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि आम्ही औषधांसाठी थांबलो. औषधाचं दुकान काचेच्या पलीकडे. आत दोघी जणी बोलत होत्या. आई एकदम फिस्सकन हसली.

"काय गं?"

"ती जाड चष्म्यावाली म्हणतेय, नवरा तुझा घोरतो, तर झोप माझ्या टेबलावर का काढतेस!"

काच बंद होती. मला नुसती तोंडं हलताना दिसत होती.

"तुला ऐकू आलं हे?"

"ऐकायचंय काय त्यात? दिसतंय की."

दादा, आई कापड गिरणीत मागांवर होती, एवढंच आपल्याला माहीत. त्या खडखडाटात या बायका बोलत कशा असतील, हे आपण कधी विचारलं नाही. "गिरणीत कान कोण वापरतं?" आई म्हणाली. "सगळ्या तोंड बघून बोलायचो. मुकादम मधोमध उभा, आणि त्याच्या डोक्यावरून आमची त्याच्याच लग्नाची चर्चा." वर माझीच कीव केली: "तुला येत नाही होय?"

आपण म्हणायचो ना, आईचे कान भारी तिखट. ताटावर बसून तू माझ्याकडे बघून पुटपुटलास, तरी ओट्यापासून उत्तर यायचं. कान तर गिरणीनेच घेतले होते. डोळे होते तोवर कुणाला पत्ता लागला नाही, बहुतेक तिलाही नाही. मोतीबिंदू दाटत गेला तशी आपली तोंडं पुसट झाली, आणि आपण म्हणायला लागलो की आई पुसट होतेय.

माझ्या कामात उपकरण तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. घरी आल्यावर मी तिच्यासमोर उजेडात उभी राहिले आणि वार विचारला. "बुधवार. तुला कामावर जायचं नाही का?" मग तोंडापुढे वर्तमानपत्र धरून तोच प्रश्न, त्याच आवाजात.

"हो," आई म्हणाली.

कानांची तपासणी झाली. दोन्ही कान बरेचसे गेलेले, तेही आजकालचे नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "आजी, इतकी वर्षं चालवलंत कसं?" आई म्हणाली, "पाठ फिरवून बोलणाऱ्यांशी मी बोलतच नाही."

आता रविवारच्या कॉलबद्दल. तू मोठा दिसावास म्हणून मी लॅपटॉप लावला होता. बोलता बोलता तू वहिनीकडे वळलास आणि काहीतरी म्हणालास. मला ते ऐकू आलं नाही. आईने सांगितलं, तेही दुसऱ्या दिवशी. ती आडवी पडली होती, मी डोळ्यात थेंब घालत होते.

"खोली मिळाली की मार्चमध्ये हलवू, असं म्हणाला तो," आई म्हणाली. "त्या खोलीला खिडकी आहे का गं?"

खोलीचं मी तुला नुसतं 'बघते' म्हटलं होतं. खरं तर मी वृद्धाश्रमात जाऊन आले होते, खोली आपल्या नावाने धरून ठेवायला सांगितली होती. तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही लिहून टाकते. आईला दुकानात जाते म्हणून सांगितलं होतं.

माझं तोंड तिच्या बरोबर वर होतं. खोटं बोलायला जागा नव्हती. "आहे," मी म्हटलं. "पण समोर भिंत आहे."

"बरं," आई म्हणाली.

पुढचा थेंब गालावर गेला. तो औषधाचाच होता.

काल पुन्हा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. मी कानांचा अहवाल दिला. त्यांनी तो वाचला, मास्क उतरवला आणि खुर्ची उचलून खिडकीसमोर नेली. मग वार, महिना, शब्द, चित्रं. प्राण्यांची नावं सांगा म्हटल्यावर आईने जंगल रिकामं केलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि आमचा घरमालक." डॉक्टर हसले. एक शब्द तिला आठवला नाही. तो मलाही आठवत नव्हता. विसरण्याच्या आजाराची चिन्हं दिसत नाहीत, वर्षाने एकदा दाखवून जा, असं ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मला जिन्यात बसावं लागलं. आई शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "तुझंही दाखवून घेऊ का? आलोच आहोत तर."

घरी येऊन मी वृद्धाश्रमात फोन केला आणि खोली नको म्हणून कळवलं. आई समोरच बसली होती. तिने सगळं वाचलं, आणि उठून चहा ठेवला.

तुझ्यावर तिचा राग नाही. असता तर मला बरं वाटलं असतं. तुझा चेहरा नीट दिसल्यापासून तिचं एकच चाललंय: हा इतका वाळला कधी?

आणखी एक. मी दमले आहे. हे आजवर म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाला असतास, मग तिकडेच ठेवू. आता तो रस्ता बंद केलाय, म्हणून म्हणता येतंय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे, मग श्रवणयंत्राच्या फेऱ्या. मला रजा उरलेली नाही. तू मार्चमध्ये येणारच होतास, तिला हलवायला. तेव्हाच ये, आणि तिच्याजवळ राहा.

तुला न विचारता 'खोली नको' कळवून मोकळी झालेली,
तुझी धाकटी