शेंगदाणे, टॉर्च आणि माझा पांढरा रुमाल

३ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या आयुष्याला वळण नेमकं कुठे लागलं, हे मागाहून लोकांना शोधत बसावं लागतं. माझ्या बाबतीत ती गैरसोय नको.

आमच्या शेंगदाणे-कारखान्याचे गुणवत्ता प्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत. खुर्चीला उमेदवार दोन: मी आणि प्रयोगशाळेतल्या बाई. बाईंकडे पदवी आहे. माझ्याकडे डिस्पॅचला काढलेली एकोणीस वर्षं.

दाण्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. थेट लिव्हर धरतं. ते शोधायला बाई दाणे दळतात, द्रावणात घुसळतात, गाळतात, मग यंत्रात घालून त्याची चमक मोजतात. चार तास. आज एका मासिकात वाचलं की अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात हे विष आपणहून निळं चमकतं. मग चार तास कशाला? तसल्या प्रकाशाची टॉर्च मागवली. लेख सहा पानी होता. पहिलं पान पुरलं.

६ ऑगस्ट, सकाळी ७
टॉर्च आली. काळोख हवा, म्हणून पांघरुणात शिरलो. नमुना स्वच्छ जागी ठेवायचा हा माझा नियम, म्हणून हिने कालच धुतलेला, बगळ्यासारखा शुभ्र रुमाल पसरला आणि त्यावर घरातले मूठभर दाणे ठेवले. टॉर्च लावली.

निळं! सगळीकडे निळं! दाण्यांच्या मधूनमधून तर नुसता उजेड.

७.३०: रुमालावर तांदूळ. निळं. रवा. निळं. साखर. निळं. आमच्या घरात इतकी वर्षं विष शिजत होतं आणि मी जिवंत आहे, यावरून माझी प्रकृती कळते.

८.००: चारही डबे कचऱ्यात. दाणे हिच्या दादाने पाठवलेले होते, हे ही तीनदा म्हणाली. मग विचारलं, नुसता रुमाल चमकतो का ते पाहिलं का. बायकांना मूळ मुद्दा सोडून भलतीकडे जायची खोडच असते. रिकामा रुमाल तपासण्यात सेल कोण घालवणार?

८ ऑगस्ट
मासिक टेबलावर ठेवून मालकांना प्रात्यक्षिक दिलं. स्टोअररूमचं दार लावून, रुमाल पसरून. मालक चकित. चार तासांचं काम चार सेकंदांत! बाईंनी शांतपणे रुमाल बघायला मागितला. दिला नाही. माझी पद्धत त्यांना हवी आहे, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

हमालांनी मला 'टॉर्चराव' म्हणायला सुरुवात केली आहे. इतकी वर्षं नुसतं 'ओ' म्हणत होते. मान असा मिळवावा लागतो.

१२ ऑगस्ट
मोठी कसोटी. मेहुण्यांचा, म्हणजे हिच्या दादाचा, ट्रक आला. दोनशे पोती. नात्यामुळे कुणी बोट दाखवू नये म्हणून मुद्दाम कडक तपासणी केली: पाच दाणे, पाचही रुमालावर. निळं. ट्रक नाकारला. मेहुणे म्हणाले, दाणे त्यांनी स्वतः वाळवलेत, हवं तर खाऊन दाखवतो. मी म्हणालो, विज्ञान खाण्यावर चालत नाही.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. ही फक्त एवढंच म्हणाली, "आजपासून तुमचे रुमाल तुम्ही धुवा." तत्त्वासाठी थोरामोठ्यांनी काय काय सोसलंय. रुमाल त्या मानाने किरकोळ.

१४ ऑगस्ट
बाईंनी मेहुण्यांच्या दाण्यांचा नमुना ठेवून घेतला होता म्हणे. अहवाल आला: स्वच्छ. मी मालकांना सांगितलं, यंत्र जुनं झालंय, टॉर्च नवी आहे. त्यांना पटलं असावं. ते नुसतं कपाळ चोळत राहिले. मेहुण्यांचा ट्रक पलीकडच्या कारखान्याने उतरवून घेतला, आणि पुढच्या वर्षाचा मालही तिथेच ठरला. त्यांचं नशीब!

संकल्प: उद्या सहाही रुमाल धुणे.

१५ ऑगस्ट
रुमाल भिजवले.

१७ ऑगस्ट
रुमाल भिजलेले आहेत. आता त्यांनाच वास येतो. संशोधकाने दैनंदिन कामात अडकू नये.

१९ ऑगस्ट
मेहुण्यांच्या जागी नवा व्यापारी. माल शाळांच्या खाऊच्या पाकिटांसाठी आहे. दहा हजार पाकिटं जायची आहेत, म्हणून मालकांना घाई. मोडक्या छत्रीचं काळं कापड धुऊन नेलं. रंगाने काय फरक पडतो? उलट काळोख जास्त.

गोदामवाले काका म्हणाले, पोत्यांना कोंदट वास येतोय. मी म्हणालो, काका, नाकाचे दिवस गेले. वरच्या पोत्यातले पाच दाणे काळ्या कापडावर ठेवले. टॉर्च लावली. एकही ठिपका नाही! असा शुद्ध माल आजवर पाहिला नव्हता. रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'काही नाही.' खाली सही.

बाईंचं म्हणणं, चार तास थांबा. मी सगळ्यांदेखत मूठभर दाणे तोंडात टाकले. किंचित कडू होते. विज्ञानाची चव तशीच असते. मालक म्हणाले, भट्टी पेटवा.

संध्याकाळी आरशासमोर भाषणाचा सराव. 'मी कुणी मोठा माणूस नाही' अशी सुरुवात करावी. लोक आपण होऊन उलट समजतात.

२० ऑगस्ट, दुपारी १२
बाईंनी भट्टी बंद केली. स्वतः जाऊन, कुणाला न विचारता. माझ्या मागून त्यांनी प्रत्येक पोत्यात नळी खुपसून नमुने घेतले होते. विष मर्यादेच्या नऊ पट. एकही पाकीट बाहेर गेलं नव्हतं, हे नशीब. कुणाचं, ते मला मालकांनी केबिनमध्ये नीट समजावून सांगितलं.

बाई म्हणाल्या, विष बहुधा दाण्याच्या आत असतं आणि हजारात एखाद्याच दाण्यात. नुसत्या डोळ्यांना चमक दिसली म्हणजे विष असतंच असं नाही आणि नाही दिसली म्हणजे माल शुद्ध असंही नाही. म्हणून तर दळायचं आणि मोजायचं. हे कुठे वाचलंत, असं मी जरा खोचकपणे विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आणलेल्या मासिकात. दुसऱ्या पानावर.

दुपारी १: मी मूठभर खाल्लेत.

दुपारी १.१०: बाथरूमचा दिवा बंद करून तोंडात टॉर्च मारली. दात चमकतायत! निळसर पांढरे, ओळीने!

दुपारी २: डॉक्टरांकडे. त्यांनी टॉर्च घेतली, खिडकीचा पडदा ओढला आणि नर्सला आ करायला सांगितलं. तिचेही चमकले. मग स्वतःचे दाखवले. निरोगी दात असेच चमकतात म्हणे. एका मुठीने काही होत नाही, पण असलं रोज खाऊ नका, म्हणाले. माझा एकच दात काळा दिसला. तो बसवलेला निघाला.

२४ ऑगस्ट
हमाल पुन्हा 'ओ' म्हणतात.

३१ ऑगस्ट, सोमवार
बाई गुणवत्ता प्रमुख झाल्या. मालकांनी छोटेखानी समारंभ केला. भाषण बाईंनी केलं, दोन वाक्यांचं. माझं पाठ होतं, पण कुणी विचारलं नाही.

बाईंनी मला काढलं नाही. नवं काम दिलं: प्रत्येक पोत्यातून नळीने मूठभर दाणे काढायचे, एकत्र करायचे, प्रयोगशाळेत पोचवायचे. दोनशे पोती, दोनशे मुठी. वरच्या पोत्यातले पाच चालणार नाहीत, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय. 'नमुना संकलन' हे पद म्हणून बरं वाटतं. पाटी करून घ्यावी का?

आज सकाळी मेहुण्यांना फोन केला. चुकलो म्हणालो. त्यांनी विचारलं, दाणे पाठवू का घरी, पाच किलो? हो म्हणालो. हे ऐकून हिने नेहमीची चमक आणणारी पावडर घालून सहाही रुमाल धुतले. वाळत घातले तेव्हा डोळे दिपले.

संध्याकाळी त्यातला एक रुमाल घेऊन पांघरुणात शिरलो. त्यावर काहीही ठेवलं नाही. टॉर्च लावली.

रुमाल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत निळा! बाहेरून हिने विचारलं, "काय दिसतंय हो?"

"काही नाही," मी म्हणालो.

याच महिन्यातलं हे माझं दुसरं 'काही नाही'.