स्लॉट वन, सॉकेट सेव्हन आणि बुद्धघोष

८ नोव्हेंबर १९९८, बारामती
आमच्या क्लासमध्ये नवा कॉम्प्युटर आला. पेंटियम टू, स्लॉट वन! प्रोसेसर कॅसेटसारखा उभा बसतो. जुने तिन्ही सॉकेट सेव्हन, त्यांचा प्रोसेसर चौकोनी, आडवा. बुद्धघोषला (क्लास चालवण्यातला पार्टनर, कॉलेजपासूनचा जिवलग) म्हणालो, आडव्यांचं युग संपलं. तो म्हणाला, वीज किती खातो ते बघ. खायला तो काय म्हैस आहे?
संकल्प: दोन्हींची शास्त्रीय तुलना. तक्ता आखला.

११ नोव्हेंबर
दहा हजार नावं अकारविल्हे लावायला दिली. स्लॉट वन: चाळीस सेकंद. सॉकेट सेव्हन: सत्तर. विजेचा रकाना रिकामा. मीटर मिळत नाही. (अजून मागितलेला नाही.)

१५ नोव्हेंबर
इंदापूरच्या दूधसंघाला कॉम्प्युटर हवेत, कारकुनांना ट्रेनिंगही. हेडक्लार्क झुंबरतात्या म्हणाले, "हितं दुपारी लाइट नसती. यूपीएसवर टिकंल तेच घिऊ." बुद्धघोष म्हणतो, दोन्ही मशीन नेऊ. नेऊ की. हरायलाही कुणीतरी लागतं.
बायको, सुकन्या, म्हणाली, आधी घरी यूपीएसवर लावून बघा. उद्या.

१८ नोव्हेंबर
उद्या नक्की.

२० नोव्हेंबर
दगा!
दूधसंघात पावणेबाराला लाइट गेली. दोन्ही मशीन सारख्याच यूपीएसवर. सभासदांची यादी माझ्या स्लॉट वननं आधी लावली. मग मी तात्यांना स्लॉटची थोरवी सांगत होतो. आठव्या मिनिटाला यूपीएस केकाटला, स्क्रीन काळा. यादी सेव्ह करायची राहिली होती. शेजारी सॉकेट सेव्हन शांतपणे चालूच. बुद्धघोषनं यादी फ्लॉपीवर घेऊन तात्यांच्या हातात दिली.
तात्या म्हणाले, "पाव्हणं, तुमचं लई पळालं, पर पोचलं न्हाय." मग बुद्धघोषला विचारलं, कुठलं घ्यावं? तो म्हणाला, सॉकेट सेव्हन.
माझा पार्टनर! माझ्यादेखत!

२ डिसेंबर
कारकुनांनी शिकवायला बुद्धघोषच मागितला. रोज इंदापूरला जातो. मी अबोला धरलाय. सुकन्या म्हणते, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे घरातही दगा.

९ फेब्रुवारी १९९९
मासिकात वाचलं. नवा प्रोसेसर येतोय, सॉकेट ३७० मध्ये. सॉकेट! पुन्हा आडवा! ज्या कंपनीच्या स्लॉटसाठी मी जिवलग तोडला, तीच फिरली. जेवलो नाही. (दोनच भाकरी.)

१३ फेब्रुवारी
बुद्धघोष घरी आला. वाटलं, माफी मागणार. त्याला स्पष्ट सांगितलं की अडीच महिने मी तुझ्याशी बोलत नाही. म्हणाला, "व्हय? मला वाटलं, घसा बसलाय."
मग म्हणाला, बारा कारकून झालेत, एकट्याला उरकत नाही, तू ये. विचार करून कळवतो म्हणालो. सुकन्यानं आतूनच कळवलं: येतील.

१५ फेब्रुवारी, सकाळी ७
इंदापूर एसटी. बुद्धघोषनं रुमाल टाकून माझी जागा धरली होती. खिडकी त्याची.