शालूचा ससा आणि बारीक लेंड्या

नागपूर, मंगळवार, १८ जानेवारी १९७२

शालूचा ससा दुपारी मेला. लेंड्या रोज मीच झाडते, म्हणून मला कळलं होतं. एरवी वाटाण्यासारख्या गोल. परवा बारीक, कडक झाल्या. काल केसांनी जोडलेल्या, माळेसारख्या. आज सकाळी एकही नाही. तशीच गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "याचं गवत बंद केलं होतं का? आतडी थांबलीत."

यांना विचारलं, तर हसले. दोस्त आले की ससा तिखट शेव खातो ही गंमत दाखवायची. भुकेला असला तरच खातो, म्हणून गवत लपवून ठेवायचे! माणूस आहे की कोण?

शालू शाळेतून आली. हे तिला म्हणाले, "तूच मारलं त्याले. गवत द्यायचं ध्यान राहत नाही तुले."

मला राहवलं नाही. यांच्यासमोरच तिला खरं काय ते सगळं सांगितलं. हे पेपर वाचत राहिले.

शालू रडली नाही. माझ्या तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हळू बोल न वं आई. बाबा तुले मारतील."