खाट नंबर सतरा

३ जून
वेरूळच्या रस्त्यावरच्या नव्या मेडिकल कॉलेजात आज रुजू झाले. पांढरा कोट, स्वतंत्र खोली, मेसमध्ये गरम भाकरी! पुढच्या शिक्षणाची, पीजीची सीट कोटीच्या घरात जाते. बाबा वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करतात, आम्हाला ती कुठली परवडायला? पण मॅनेजर केशवरावांनी शब्द दिलाय, दोन वर्षं इथं काढ, सीट फुकट. फोनवर ऐकून आई रडलीच.

८ जून
बोर्डावर चाळीस डॉक्टरांची नावं आहेत, वॉर्डात मी एकटी. बाकीचे फक्त कॉलेजच्या मान्यतेच्या तपासणीला येतात म्हणे. तीनशे खाटा रिकाम्या आणि आसपासच्या गावांत एक डॉक्टर नाही. मोठं घर, पोकळ वासा.

१२ जून
तपासणी झाली. रोजानं आणलेली माणसं बसमधून उतरली आणि खाटांवर निजली. केसपेपर मी कालच खाटेच्या नंबरावर लिहून ठेवले होते. धडधाकट पारूबाईच्या वाट्याला कावीळ आली. ती खुशीत म्हणाली, असलं पडून खायाचं काम रोज द्या की बाई.

१६ जून
पारूबाई परत आली. डोळे पिवळेजर्द. योगायोग असेल.

१९ जून
आज अकरा जण. प्रत्येकाला तेच झालंय, जे मी लिहिलं होतं. केशवरावांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, खाटा तरी भरल्या.

२५ जून
उद्या वाढीव सीटांसाठी पुन्हा तपासणी. मी नाही म्हणाले. केशवरावांनी पीजीची आठवण करून दिली. पोटदुखीवर सीटा मिळत नाहीत, एखादा मृत्यूही दाखवावा लागतो म्हणाले. तपासणीनंतर पाठवायची फाईलही आजच माझ्याकडून भरून घेतली. खाट सतरा: पक्षाघात. मृत्यू २८ जून, दुपारी चार दहा.
लिहिलं मी. तिथं येणारं माणूस माझ्या ओळखीचं थोडंच असणार, असा विचार केला. लाज वाटते.

२६ जून
बसमधून आई उतरली. कोटातली लेक बघायची म्हणून रोजावर येणाऱ्या शेजारणींसोबत आलेली. मी धावत पोचले तोवर ती सतरावर—
पेपर फाडला. तिला खोलीवर ठेवून घेतलंय.

२८ जून, दुपार
आईचा डावा हात लुळा पडला. बोर्डावरच्या सगळ्या डॉक्टरांना फोन केले. कुणी पुण्यात, कुणी उचलतच नाही. अ‍ॅम्ब्युलन्स तपासणीपुरती भाड्याची होती, गेली—
आई घाबरलेली नाही. तोंड वाकडं झालंय, तरी म्हणते, माझी लेकच डागदर हाय.
चार वाजून आठ. फाईलमधला पेपर पुन्हा अखंड. खोडतेय, खोडतेय, अक्षर जात नाही— आई म्हणते, लिवत काय बसलीस, जरा माझा हात—