लाल फिल्टर आणि दसऱ्याचा झेंडू

२६ सप्टेंबर २००३
आज सकाळी राहुड घाटात, दुसऱ्या वळणावर, माझं आयुष्य बदललं. चांदवडच्या देवरामकाकांच्या घाटापलीकडच्या मळ्यातून टोमॅटोचे क्रेट घेऊन नाशिकच्या मार्केटला निघालो होतो. केबिनमध्ये त्यांची मुलगी सविता. काकांचे गुडघे दुखतात म्हणून मार्केटला तीच येते. तेवढ्यात कांद्याचा एक ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ट्रॉलीसकट. सविता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दादा, गाडी आजारी आहे का?"

'दादा' म्हणाली ते सावधगिरी म्हणून. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, पण मुलगी विचारी आहे.

निश्चय: गाडीची ताकद वाढवायची. अण्णांच्या पिकअपची आणि अण्णांच्या विचारांची शिसारी आली आहे.

२७ सप्टेंबर
नाशकातल्या द्वारका चौकातून नवा एअर फिल्टर आणला. लाल, उघडा, शंकूसारखा, तेल लावलेल्या कापसाचा. दुकानदार म्हणाला, इंजिन मोकळा श्वास घेईल. अण्णा म्हणाले, कंपनीने फिल्टर डब्यात बंद करून दिलाय तो काही उगाच नाही. वडील म्हणून आदर आहे, पण हा माणूस आयुष्यात थर्ड गिअरच्या वर गेला नाही. मी मेकॅनिकल डिप्लोमा दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलोय. सोडला तो मास्तरांच्या अज्ञानाला कंटाळून. एकाची कॉलर धरली होती, ते गौण.

जुना काळा डबा कॉटखाली ढकलला.

२८ सप्टेंबर
टेस्ट घेतली. अंबड लिंक रोड. काय आवाज! लोक वळून बघतात. गाडी नक्की जास्त ओढते. रस्ता थोडा उताराचा होता, पण गाडीला ते कुठे माहीत होतं.

३० सप्टेंबर
डिझेल जास्त लागतंय. बरोबरच आहे, पैलवान जास्त खाणारच. रिकामी असली की सुसाट, भरली की पहिल्यासारखीच. म्हणजे दोष मालाचा.

संतोष भेटला. आधी अंबडला कारखान्यात होता, आता स्वतःचा टेम्पो चालवतो. न विचारता सांगायला लागला की उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, त्यानं नुसता आवाज वाढतो. याच्या टेम्पोला मागे झालर लावलेली आहे. असल्या माणसाकडून इंजिन शिकायचं? किळस आली. चहाही अर्धा टाकला.

२ ऑक्टोबर
देवरामकाकांनी दसऱ्याचा झेंडू मला दिला! म्हणाले, "सकाळच्या पारी नाशकात पोचला पाह्यजे. दुपारनंतर त्याला गाय बी नाय खात. टायमात नेला, तर टोमॅटोचा सगळा सीझन तुला."

सगळा सीझन. म्हणजे सविता रोज केबिनमध्ये. दिवाळीपर्यंत 'दादा' सुटेल. तुळशीच्या लग्नानंतर बोलणी.

५ ऑक्टोबर, दसरा, संध्याकाळ
लिहवत नाही. तरी लिहितो, कारण चूक माझी नाही.

पहाटे मळ्यात झेंडूची पोती भरली. सविताने गाडीसाठी स्वतः हार ओवला होता. लोक असला हार पुढे बंपरला बांधतात. तिच्या हातचा हार मी रस्त्यावरची धूळ खायला लावू? बॉनेट उघडलं, फिल्टरला भरपूर हळदकुंकू वाहिलं आणि हार त्याच्याभोवतीच गुंडाळला. थेट इंजिनाच्या छातीवर. बॉनेट लावलं. कुणाला बोललो नाही. दसऱ्याचा माल म्हणून आज काकाही केबिनमध्ये बसले.

घाटाच्या अलीकडेच गाडीला धाप लागली. मागे काळा धूर. काकांना म्हटलं, ताकद साठवतेय. दुसऱ्या वळणावर बंदच पडली. बॉनेट उघडलं तर सगळ्या पाकळ्या जाळीत ओढल्या गेलेल्या आणि तेलात कुंकवाचा चिखल.

काका मागे जाऊन पोती चाचपायला लागले. सविता म्हणाली, हार काढा. मी म्हटलं, पूजेचा आहे, आज काढायचा नसतो.

"मीच ओवलाय ना? मीच सांगते. काढा."

काढला. केवढी चिडली होती! परक्या माणसावर कुणी एवढं चिडतं का?

तरी गाडी सुरू झाली नाही. मागून संतोष आला, टेम्पो रिकामा. पोती त्यात, काका त्यात, सविता त्यात. घाटात मी आणि हार. झेंडू दुपारी पोचला म्हणे. निम्मी पोती रस्त्याकडेला ओतून द्यावी लागली.

हा घाटच चुकीचा बांधलाय.

७ ऑक्टोबर
अण्णांनी न विचारता जुना डबा बसवला आणि काल काकांचे क्रेट भरून घाट चढून आले. थर्डमध्ये. योगायोग असतात.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
काका आणि सविता आपट्याची पानं द्यायला घरी आले. मी शर्ट बदलला. काका म्हणाले, झालं ते झालं, सीझन तुमच्याच गाडीला. मी उभाच राहिलो. वाकून नमस्कार करणार, तेवढ्यात सविता म्हणाली,

"पण अण्णा, चालवायला तुम्ही या."

माझ्याकडे बघितलंही नाही. अण्णा हो म्हणाले. लगेच. बापाला विचार करायला चहाचा एक घोटही लागला नाही.

मी सांगून टाकलं की यापुढे या गाडीला हात लावणार नाही आणि या घरात राहणार नाही. अण्णा म्हणाले, जाताना ती बिस्किटं काकांकडे सरकव. सरकवली.

मग निघालो. दार असं आपटणार होतो की सगळी गल्ली हादरली पाहिजे. पण दाराशीच सविता बसली होती, हातात काठोकाठ भरलेला कप. चहा सांडला असता तिच्या अंगावर.

हळूच लावलं.