चिरंजीवांनी संगणकात गणित बसवलं

प्रिय सूनबाई,

या नावाने हाक मारलेली तुला आता चालते की नाही, ठाऊक नाही. चालत नसेल तर तेवढा शब्द खोडून पुढे वाच. इकडे सगळं ठीक आहे. गळक्या नळाला प्लंबर येऊन गेला. आमचे चिरंजीव, म्हणजे तुझा नवरा, ते मात्र आहेत तसेच आहेत. त्यांच्यासाठी कोणाला बोलवायचं हे मला अजून कळलेलं नाही.

मी पुन्हा शिकवायला लागले, हे तुझ्या कानावर आलं नसेल. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतः प्राध्यापक झाली आहे. तिच्या वर्गातल्या मुलांना मी घरी बसून, इंटरनेटवरून, मूळ संख्या शिकवते. त्यासाठी नवा संगणक घेतला आणि त्यात गणिताचं एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं. ते नोटबुक नावाच्या पानावर चालतं. चौकोनात गणित लिहायचं, की खाली उत्तर येतं. तिने कसं टाकायचं ते सविस्तर लिहून पाठवलं होतं. पण चिरंजीवांना वासच लागला. 'तू हात लावू नकोस, बिघडवशील, मी येतो,' म्हणाले. आले, खुर्चीवरून मला उठवलं, तो सूचनांचा कागद न वाचता बाजूला सारला आणि टकाटक टाइप करायला लागले. संगणकाला हुकूम सोडायच्या त्या काळ्या खिडकीत ओळी धावायला लागल्या की त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं ते तू पाहिलेलं आहेस. चहा पिऊन, 'झालं,' असं जाहीर करून गेले.

मी नोटबुक उघडलं, पहिली ओळ लिहिली. उत्तर आलं, 'असं सॉफ्टवेअर इथे सापडत नाही.' फोन केला तर म्हणाले, 'तूच काहीतरी दाबलं असशील.' मी काही दाबलं नव्हतं. पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर मी माझ्या बोटांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वारी आली. लाल अक्षरातला तो निरोप वाचायच्या आधीच त्यांनी बंद केला. मी म्हटलं, अरे, त्यात काय लिहिलंय ते बघ तरी. 'त्यात काही अर्थ नसतो,' म्हणाले. पुन्हा सॉफ्टवेअर टाकायला गेले तर काळी खिडकी म्हणाली, हे आधीच आहे. नोटबुक म्हणालं, नाही. आता जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला यात एकच प्रश्न पडणार. काळी खिडकी 'आहे' म्हणते, ते कुठे आहे? आणि नोटबुक 'नाही' म्हणतं, ते कुठे शोधतंय? मी तो विचारला. ते हसले. 'आई, हे तुझं गणित नाही.' मग दोषवाटप सुरू झालं. आधी माझा, मग इंटरनेटचा, मग दुकानदाराचा, आणि सगळे संपल्यावर तुझा. तुझ्या वेळच्या जुन्या संगणकात तू काहीतरी घोळ घातला होतास आणि तोच इकडे आला, म्हणे. तू त्यांचं घर सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेलीस, हा संगणक नंतर आला. तरी घोळ तुझा. शेवटी 'सगळं साफ करतो' म्हणून त्यांनी नोटबुकची सगळी पानं पुसली. त्यात मी मुलांसाठी तयार केलेली उदाहरणंही गेली. विचारलं नाही. मी म्हटलं तेव्हा म्हणाले, 'तिथे काही नव्हतंच. तुला वाटतंय.'

त्यानंतर बाल्कनीत जाऊन त्यांनी माझ्या भावाला फोन लावला. खिडकी उघडी होती. 'आईचं वय झालं मामा, हल्ली विसरते, केलेलं आठवत नाही.' आवाजात काळजी इतकी सुरेख होती की दुसऱ्या कोणाबद्दल असती तर मीही हळहळले असते.

सकाळी मी एकटी बसले. त्या दोघांना, काळ्या खिडकीला आणि नोटबुकला, आपापला पत्ता विचारायची एक सोपी ओळ असते. ती विद्यार्थिनीच्या कागदावर होतीच. दोन वेगळे पत्ते आले. संगणकात पायथन, म्हणजे ज्या पायावर हे सगळं चालतं तो प्रोग्राम, दोन होते. एक आधीचा, ज्यावर नोटबुक चालत होतं, आणि दुसरा चिरंजीवांनी पहिल्याच दिवशी न बघता टाकलेला. सामान एका घरात उतरवलं होतं आणि हाका दुसऱ्या घरात चालल्या होत्या. मी ते सॉफ्टवेअर नोटबुकच्या पत्त्यावर टाकलं. चहा निवायच्या आत उत्तर आलं.

फोन करून सांगितलं. थोडंही न अडखळता ते म्हणाले, 'बघ, मी काल केलेलं बंद-चालू केल्यावर लागू झालं.' आणि पोरी, मला धसका बसला तो इथे. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं. मी ज्याला जन्म दिला त्याची मला त्या क्षणी जेवढी किळस आली तेवढी कधी आली नव्हती.

मागे माझ्या भावाने सगळ्यांना बसवून तुला विचारलं होतं, की मारतो का, पितो का, बाहेर काही आहे का. तू नाही म्हणालीस. 'माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडालाय,' एवढंच म्हणालीस. माझा भाऊ हसला होता. ज्याला स्वतःचा चष्मा बायकोने शोधून द्यावा लागतो, तो न्याय करायला बसला होता. ही काही तक्रार झाली का, असं सगळ्यांचं ठरलं. तू ज्यात वर्षं काढलीस त्याचे मला थोडेच दिवस मिळाले, तेही एका यंत्रापुरते, आणि मी माझी बोटं तपासत होते.

पत्र घाईने लिहिलं ते यासाठी. येत्या रविवारी चिरंजीव आणि त्यांचे मामा तुला न्यायला तुझ्या खोलीवर येणार आहेत. मी अंथरुणाला खिळले आहे, सारखं तुझं नाव घेते, आईंनीच पाठवलंय, असं सांगायचं ठरलं आहे. भावाने मला फोनवर तसं बजावलंही, 'तू फक्त गप्प राहा.' मी ठणठणीत आहे आणि मी कोणालाही पाठवलेलं नाही. माझ्या नावावर दार उघडू नकोस. वाद घालत बसू नकोस, हे पत्र दाराखालून बाहेर सरकव आणि त्यांना मोठ्याने वाचायला सांग. तुला स्वतःहून परत यावंसं वाटलं तर तो तुझा प्रश्न. पण मला विचारशील तर येऊ नकोस.

तुझीच,
सासू म्हण, नाहीतर साक्षीदार म्हण